१२/०७/१९६१ म्हणजे जुलै की डिसेंबर? चार डेटाबेसची तारीख-परीक्षा

पानशेतच्या पुराची तारीख पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही: १२ जुलै १९६१. तीच तारीख १२/०७/१९६१ अशी नुसता मजकूर म्हणून टेबलात पडलेली असेल आणि डेटाबेसची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असेल, तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ती ७ डिसेंबर १९६१ अशी वाचते. एरर नाही, वॉर्निंग नाही. रिपोर्ट छापून होतो, सहीला जातो, आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

मजकुराची तारीख करण्याची सोय प्रत्येक डेटाबेसमध्ये आहे. पण ती सगळीकडे सारख्याच भरवशाची नाही. इथे ऑरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या चौघांचे परीक्षण केले आहे. निकष एकच धरला: चुकीचा मजकूर आला तर डेटाबेस तो अडवतो, की गपचूप आत घेतो? वेगाला गुण दिलेले नाहीत. अडून बसलेली क्वेरी दहा मिनिटांत दुरुस्त होते. चुकीची तारीख एकदा आत गेली की ती शोधण्यात महिने जातात.

तपासायला घेतलेल्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) पुण्याच्याच आहेत. पानशेतची १२/०७/१९६१, पुणे विद्यापीठाच्या स्थापनेची १०/०२/१९४९, पुणे महानगरपालिकेच्या स्थापनेची १५/०२/१९५० आणि शनिवारवाड्याच्या पायाभरणीची १०/०१/१७३०. त्यांच्या जोडीला ३१/०२/२०२४ ही अस्तित्वातच नसलेली तारीख, एक रिकामी स्ट्रिंग, आणि शेवटी शेपूट असलेली '१५/०२/१९५० दुबार'. कमांड आणि अंक इथे देवनागरीत छापले असले तरी स्क्रीनवर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

यातली महानगरपालिकेची तारीख त्यातल्या त्यात बरी. पंधरावा महिना नसतो, त्यामुळे अमेरिकी सेटिंगवर क्वेरी तिथेच थांबते. पानशेत आणि विद्यापीठ या तारखा घातक, कारण दोन्हीकडे दिवस बाराच्या आत आहे आणि उलटी वाचली तरी तारीख बरोबरच दिसते. चाचणीसाठी नमुने निवडताना लोक नेमके २५ किंवा ३१ तारखेचे नमुने घेतात. तसे करू नये. बाराच्या आतलेच नमुने घ्यावेत.

रूपांतरच केले नाही तर काय होते, तेही पाहून घेऊ. सोसायटीच्या मेंटेनन्सची किंवा क्लासच्या फीची नोंद मजकूर कॉलममध्ये आहे आणि आर्थिक वर्षासाठी '०१/०४/२०२४' ते '३१/०३/२०२५' असा बिटवीन (या दोन टोकांमधले सगळे, अशी अट) लावला. डेटाबेस ही तुलना अक्षराअक्षराने करतो. पहिली दोन अक्षरे ०१ ते ३१, म्हणजे महिन्यातला कुठलाही दिवस. त्यामुळे १५/०८/२०१९ सुद्धा या टप्प्यात बसते आणि जवळजवळ सगळे टेबलच बाहेर येते. बेरीज दुप्पट-तिप्पट आली की आधी कॉलमचा प्रकार बघावा, सूत्र नंतर.

एसक्यूएल सर्व्हर

इथे फॉरमॅट (तारखेची मांडणी) अक्षरांनी नाही, आकड्याने सांगायचा. कन्व्हर्ट(डेट, कॉलम, १०३) मधला १०३ म्हणजे दिवस/महिना/वर्ष, तिरप्या रेघेने. १०१ अमेरिकी, १०४ ठिपक्यांचा, १०५ आडव्या रेघेचा, ११२ सलग आठ आकड्यांचा. वर्ष दोनच आकडी असेल तर शंभर वजा करायचे: १०३ चा ३ होतो. आकडे पाठ होईपर्यंत टेबलाशेजारी कागद चिकटवून ठेवावा, पण आकडा न देता कन्व्हर्ट किंवा कास्ट (फॉरमॅट न सांगता केलेले रूपांतर) कधीही लिहू नये. आकडा नसला की सर्व्हर लॉगिनची भाषा बघतो. अमेरिकी इंग्रजी असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी. ही भाषा लॉगिनला जोडलेली असते, डेटाबेसला नाही. म्हणून तीच क्वेरी हिंजवडीतल्या लॅपटॉपवर एक उत्तर देते आणि सर्व्हरवरच्या शेड्यूल्ड जॉबमध्ये दुसरे.

याहून खोल खड्डा डेटटाइम या जुन्या प्रकारात आहे. वर्ष-महिना-दिवस असे लिहिले की सुरक्षित, असा सगळ्यांचा समज असतो. पण लॉगिन ब्रिटिश असेल तर '१९६१-०७-१२' चे डेटटाइम करताना सर्व्हर ते वर्ष-दिवस-महिना असे वाचतो आणि पुन्हा ७ डिसेंबर मिळतो. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या डेट आणि डेटटाइम२ या प्रकारांना हा आजार नाही. मधे रेघ न घालता '१९६१०७१२' असे लिहिले तर कुठल्याही भाषेत आणि कुठल्याही प्रकारात अर्थ एकच. क्वेरीत हाताने तारीख लिहायची वेळ आली तर हाच आकार वापरावा. शनिवारवाड्याची तारीख तर डेटटाइममध्ये मावतच नाही, कारण तो प्रकार १७५३ पासून सुरू होतो. डेट प्रकार वर्ष १ पासून आहे. पेशवाईतल्या नोंदींचे काम असेल तर डेटच घ्यावा.

२०१२ पासून ट्राय_कन्व्हर्ट मिळाला आणि हे उत्पादन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. ३१/०२/२०२४ दिले की एरर न देता नल (किंमतच नाही, अशी खूण) देतो, बाकीच्या ओळी पुढे जातात. शेपूट असलेल्या '१५/०२/१९५० दुबार' लाही नल. हे फंक्शन ओळखूच येत नाही असा एरर आला तर डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल (तो कोणत्या आवृत्तीसारखा वागतो ते सांगणारा आकडा) पाहावी. ती ११० किंवा वर लागते. जुन्या बॅकअपमधून रिस्टोअर केलेला डेटाबेस पुष्कळदा १०० वरच राहिलेला असतो.

पण रिकामी स्ट्रिंग इथे नापास होते, आणि तीही वाईट पद्धतीने. '' दिले की उत्तर येते १ जानेवारी १९००. ट्राय_कन्व्हर्ट सुद्धा तिला अडवत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने ते यशस्वी रूपांतर आहे. नुसत्या स्पेस असल्या तरी तेच. अर्जावर जन्मतारखेची जागा कोरी सोडलेला प्रत्येक माणूस सव्वाशे वर्षांचा होतो आणि सरासरी वय बिघडते. उपाय सोपा आहे: आधी दोन्ही बाजूंच्या स्पेस काढायच्या, मग नलइफ(कॉलम, ''), म्हणजे रिकाम्याचा नल, आणि मग ट्राय_कन्व्हर्ट. हा क्रम एकाच ओळीत बसतो आणि दर वेळी लिहावा. जुन्या डेटात १९००-०१-०१ किती वेळा आले आहे तेही एकदा मोजावे.

आणखी एक ठिकाणी माणसे अडकतात. वेअरमध्ये (ओळी निवडण्याच्या अटीत) 'इझडेट(कॉलम) = १ आणि कन्व्हर्ट(...) >= ...' असे लिहिले तरी एरर येतो, आणि लोक चक्रावतात. ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अटी कुठल्याही क्रमाने तपासू शकतो. डावीकडची अट आधी तपासली जाईल याची हमी नाही. शिवाय इझडेट, म्हणजे मजकुराची तारीख होईल का ते सांगणारे फंक्शन, स्वतःच भाषेवर अवलंबून. ट्राय_कन्व्हर्ट वापरला की दोन्ही भानगडी संपतात.

ऑरॅकल

चौघांत सगळ्यात समंजस सोय ऑरॅकलची आहे, पण १२.२ आणि पुढच्या आवृत्तीत. टू_डेट(कॉलम डिफॉल्ट नल ऑन कन्व्हर्जन एरर, 'डीडी/एमएम/वायवायवायवाय') असे लिहिले की खराब ओळीला नल, चांगल्या ओळीला तारीख. शोधून काढायला व्हॅलिडेट_कन्व्हर्जन आहे. तो १ किंवा ० देतो, म्हणजे खराब ओळींची यादी एका वेअरमध्ये मिळते. रिकामी स्ट्रिंग ऑरॅकलमध्ये मुळातच नल असते, त्यामुळे १९०० चा त्रास नाही.

एररही ऑरॅकलचे बोलके आहेत. ०१८४३ म्हणजे महिना चुकला, बहुधा दिवस-महिना उलटे. ०१८३० म्हणजे फॉरमॅट संपला तरी मजकूर उरला: शेपूट किंवा वेळ आहे. ०१८३९ म्हणजे त्या महिन्यात ती तारीखच नाही. ३१ फेब्रुवारी इथे पकडला जातो. ०१८१० म्हणजे एक कोड दोनदा आला. हा जवळजवळ नेहमी मिनिटांच्या जागी एमएम लिहिल्याने येतो. मिनिटांसाठी एमआय लिहायचे.

मग तक्रार कुठे? दोन ठिकाणी. पहिली, वर्षाच्या कोडची. मजकूर '१२/०७/६१' आहे आणि फॉरमॅट वायवायवायवाय दिला, तर ऑरॅकल आढेवेढे न घेता सन ६१ धरतो, म्हणजे इसवी सनाचे पहिले शतक. आणि पडद्यावर नेहमीच्या डीडी-एमओएन-आरआर फॉरमॅटमध्ये (दिवस, महिन्याचे छोटे नाव, दोन आकडी वर्ष) ती '१२-जुल-६१' अशीच दिसते. डोळ्यांना काहीच खटकत नाही. वय काढायला गेले की मग दोन हजार वर्षांचा माणूस निघतो. यावर औषध आहे: फॉरमॅटच्या सुरुवातीला एफएक्स जोडावे. मग आकडे मोजून घेतले जातात आणि चार आकड्यांच्या जागी दोन आले की एरर येतो. एफएक्स नसताना ऑरॅकल रेघ, ठिपका, तिरपी रेघ यांतही फरक करत नाही, आणि एमएमच्या जागी महिन्याचे नाव आले तरी चालवून घेतो. इंपोर्टच्या कामात एवढा उदारपणा नको. एफएक्स लावावाच.

दुसरी तक्रार माणसांच्या सवयीची आहे, पण ऑरॅकल ती अडवत नाही. कॉलम आधीच डेट प्रकारचा असतो आणि तरी कुणीतरी त्यावर टू_डेट चढवतो. ऑरॅकल तो डेट आधी सेशनच्या फॉरमॅटने मजकुरात बदलतो आणि तो मजकूर पुन्हा तारखेत. डीडी-एमओएन-आरआर असेल तर या फेरीत वेळ जाते आणि शतकही पुन्हा अंदाजाने ठरते. दिवसाअखेरचे व्यवहार सगळे रात्री बाराचे दिसू लागले तर क्वेरीत हा जोडटाका शोधावा.

महिन्याचे नाव मजकुरात असेल तर तिसरा पॅरामीटर देऊन भाषा इंग्रजी आहे हे सांगून टाकावे, नाहीतर क्लायंटची भाषा बदलली की क्वेरी मोडते. आणि नुसते वर्ष दिले, टू_डेट('१९६१', 'वायवायवायवाय'), तर महिना चालू महिना धरला जातो आणि दिवस पहिला. म्हणजे जूनमध्ये चालवलेल्या आणि जुलैत चालवलेल्या क्वेरीचे उत्तर वेगळे. नुसते वर्ष असलेल्या नोंदींना '०१/०१/' स्वतः जोडून द्यावे.

पोस्टग्रेस

आवडते उत्पादन असूनही इथे गुण कापावे लागले. टू_डेटचा फॉरमॅट ऑरॅकलसारखाच लिहायचा, पण स्वभाव वेगळा आहे.

१० व्या आवृत्तीआधी हा टू_डेट ३१/०२/२०२४ ला २ मार्च २०२४ करून मोकळा व्हायचा. आता एरर देतो. जुन्या सर्व्हरवरून आणलेला डेटा असेल तर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखांकडे संशयाने पाहावे. त्यांतल्या काही मुळात ३०-३१ असू शकतात.

आजही राहिलेली उणीव म्हणजे अर्धवट मजकूर. फॉरमॅट संपला की उरलेले तो सोडून देतो, म्हणून '१५/०२/१९५० दुबार' बिनतक्रार पास होते. आणि मजकूरच आधी संपला तर उरलेल्या भागांना तो स्वतःची किंमत देतो: रिकाम्या स्ट्रिंगचे उत्तर इसवी सनपूर्व १ चा १ जानेवारी. इथेही नलइफ हवाच. शेपूट पकडायला उलट फेरी करावी: टू_चार(टू_डेट(कॉलम, फॉरमॅट), फॉरमॅट) = कॉलम नसेल ती ओळ संशयित. हीच फेरी दोन आकडी वर्षही पकडते, कारण '१२/०७/६१' परत येताना '१२/०७/००६१' होऊन येते.

नुसता कास्ट, म्हणजे दोन कोलन (::) आणि डेट, वापरला तर डेटस्टाइल सेटिंग लागू होते. ती एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) असेल तर पानशेतचा पूर डिसेंबरात जातो. महानगरपालिकेच्या तारखेला मात्र एरर येतो आणि खाली सूचनाही येते की डेटस्टाइल बदलून पाहा. ही सूचना वाचून घाईने सेटिंग बदलू नये. दुसऱ्या फाइलमध्ये खरोखरच अमेरिकी तारखा असतील तर त्या उलट्या होतील. फॉरमॅट क्वेरीतच लिहावा.

ट्राय_कन्व्हर्टसारखे काही पोस्टग्रेसमध्ये नाही, आणि लाख ओळींत एक खराब निघाली की सगळे स्टेटमेंट मागे जाते. लोक पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत छोटे फंक्शन लिहून एक्सेप्शन पकडतात आणि नल परत देतात. चालते, पण प्रत्येक एक्सेप्शन ब्लॉक म्हणजे एक उपव्यवहार, त्यामुळे मोठ्या टेबलावर ते रखडते. १६ व्या आवृत्तीपासून चांगला रस्ता आहे. मजकुराचे तुकडे उलटे जोडायचे: सातव्या अक्षरापासून चार, मग रेघ, चौथ्यापासून दोन, रेघ, पहिली दोन. मग हा जोड पीजी_इनपुट_इझ_व्हॅलिड(जोड, 'डेट') ला द्यायचा. खरे आले तरच केसमध्ये (अटीप्रमाणे उत्तर निवडणाऱ्या रचनेत) कास्ट करायचा. वर्ष-महिना-दिवस या आकारावर डेटस्टाइलचा परिणाम होत नाही, म्हणून इथे कास्ट निर्धास्त वापरता येतो.

इंडेक्सचीही एक अडचण आहे. टू_डेट हे इम्युटेबल (सेटिंग काहीही असो, तेच उत्तर देणारे) फंक्शन नाही, म्हणून त्यावर एक्स्प्रेशन इंडेक्स (रूपांतरित किमतीची शोधसूची) किंवा जनरेटेड कॉलम (आपोआप भरणारा कॉलम) करायला गेले की पोस्टग्रेस नकार देतो. त्याऐवजी मेक_डेट(वर्ष, महिना, दिवस) घ्यावे. ते ९.४ पासून आहे आणि इंडेक्सला चालते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉम्प्युटेड कॉलम साठवून ठेवायचा तर शैली-आकडा १०३ सारखा निश्चित लागतो. नुसता कास्ट तिथेही नाकारला जातो, आणि कारण तेच: उत्तर सेटिंगवर अवलंबून.

मायएसक्यूएल

एसटीआर_टू_डेट लिहायला सगळ्यात सोपे. '%डी/%एम/%वाय' यात डी आणि एम लहान लिपीतले, वाय मोठ्या लिपीतला. गोंधळ लहान-मोठ्या अक्षरांचाच होतो: मोठा एम म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव, लहान बी म्हणजे तीन अक्षरी नाव, लहान वाय म्हणजे दोन आकडी वर्ष, आणि मिनिटांसाठी लहान आय. एक अक्षर चुकले की सगळ्या कॉलमला नल.

सिलेक्टमध्ये खराब मजकुराला नल आणि एक वॉर्निंग मिळते. शो वॉर्निंग्ज चालवल्याशिवाय ती दिसत नाही. तेच इन्सर्ट किंवा अपडेटमध्ये, स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर, १४११ क्रमांकाचा एरर होतो. म्हणून सिलेक्टवर सगळे ठीक दिसले तरी अपडेट मधेच थांबते. आधी सिलेक्टने नल आलेल्या ओळी वेगळ्या काढाव्यात. शेपूट इथेही दुर्लक्षित होते.

सर्वांत मोठा धोका फंक्शन न वापरण्यात आहे. मायएसक्यूएल थेट आलेला मजकूर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने वाचतो आणि मधली खूण कुठलीही चालवून घेतो. त्यामुळे १२ जुलै २०१९ साठी लिहिलेले '१२/०७/१९' थेट डेट कॉलममध्ये टाकले तर ते १९ जुलै २०१२ होते. दिवस आणि वर्षाची अदलाबदल. अशी चूक नजरेला सापडणे फार कठीण.

दोन आकडी वर्षाचा निकाल

इथे चौघांचे उत्तर एकच नाही, म्हणून हे वेगळे. '१२/०७/६१' दोन आकडी वर्षाच्या कोडने वाचले तर एसक्यूएल सर्व्हर १९६१ देतो, ऑरॅकल आरआर कोडला १९६१ पण वायवाय कोडला २०६१, आणि पोस्टग्रेस व मायएसक्यूएल दोघेही २०६१. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची रेघ, म्हणजे जिथून २००० ऐवजी १९०० चे शतक धरले जाते ती जागा, ६९ आणि ७० च्या मधे आहे. एसक्यूएल सर्व्हरची मूळ सेटिंगमध्ये ४९ आणि ५० च्या मधे, आणि आरआरचीही आजघडीला तिथेच.

ही ४९-५० ची रेघ आपल्या गावात नेमकी कुठून जाते ते बघा. महानगरपालिकेची '१५/०२/५०' बरोबर १९५० येते, आणि तिच्याआधी वर्षभर स्थापन झालेल्या विद्यापीठाची '१०/०२/४९' मात्र २०४९ होते. सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखा नेमक्या याच पट्ट्यात असतात. म्हणून जन्मतारखेचा कॉलम रूपांतरित केला की आजच्या तारखेपेक्षा मोठ्या निघालेल्या सगळ्या ओळींतून शंभर वर्षे वजा करावीत. जन्मतारीख भविष्यात असू शकत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती निर्धोक आहे. कराराच्या मुदतीला किंवा पॉलिसीच्या तारखेला ती लावू नये.

मराठी अंक आणि मराठी महिने

'१२/०७/१९६१' देवनागरी अंकांत टाइप केलेले असेल तर चौघांपैकी कुणालाही ते तारीख म्हणून कळत नाही. पोस्टग्रेस, ऑरॅकल आणि २०१७ पासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्सलेट आहे: पहिल्या यादीत दहा देवनागरी अंक, दुसरीत त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंक. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या स्ट्रिंगच्या आधी एन लावायला विसरू नये, नाहीतर अंकांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. मायएसक्यूएलमध्ये ट्रान्सलेट नाही. एकात एक असे दहा रिप्लेस लिहावे लागतात.

महिन्यांच्या नावांत पोस्टग्रेस पुढे आहे. १३ व्या आवृत्तीपासून टू_डेट फॉरमॅटमध्ये टीएम जोडले की सर्व्हरच्या एलसी_टाइम सेटिंगच्या भाषेतली महिन्यांची नावे वाचतो, फक्त मराठी लोकेल (त्या भाषेतली नावे आणि नियम यांचा संच) मशीनवर बसवलेले हवे. पण शुद्धलेखन लोकेलमधल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. लोक 'ऑगस्ट' आणि 'आॅगस्ट' दोन्ही टाइप करतात. दुसऱ्यात आ आणि चंद्र वेगळे असतात, डोळ्यांना सारखे दिसतात, डेटाबेसला नाहीत. 'जुलै' आणि 'जुलाई' तर वेगळेच शब्द. त्यापेक्षा दोन कॉलमचे छोटे टेबल करावे, दिसेल ते प्रत्येक रूप आणि त्याचा महिना-क्रमांक, आणि त्याच्याशी जॉइन करावा. पंचवीस-तीस ओळींत काम भागते आणि हा उपाय चारही डेटाबेसमध्ये चालतो. मायएसक्यूएलमध्ये तर एलसी_टाइम_नेम्स बदलून उपयोगच नाही, एसटीआर_टू_डेट त्याकडे बघत नाही.

एक्सेलमधून आलेली फाइल

बहुतेक बिघाड डेटाबेसमध्ये शिरण्याआधीच झालेला असतो. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी आणि फाइल आपल्या पद्धतीची, अशी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडली की १२/०७/१९६१ ची तारीख होते (चुकीची) आणि १५/०२/१९५० मजकूर म्हणून तशीच राहते. कॉलममध्ये काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे सरकलेल्या दिसल्या तर नेमके हेच झाले आहे. ती फाइल सेव्ह करू नये. मूळ सीएसव्ही मागून घ्यावी आणि ती एक्सेलला न दाखवता थेट डेटाबेसमध्ये सगळे कॉलम मजकूर म्हणून भरावी.

मूळ मिळतच नसेल तर क्वेरीने निदान करता येते. तारखा झालेल्या ओळींतून फक्त दिवस काढून ग्रुप बाय करावा, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या ओळी मोजाव्यात. १३ ते ३१ या दिवसांना एकही ओळ नसेल आणि मजकूर राहिलेल्या ओळींत मात्र पहिला आकडा नेहमी बाराच्या पुढे असेल, तर तारखा झालेल्या सगळ्या ओळींत दिवस आणि महिना उलटे झाले आहेत. तेव्हा फक्त त्याच ओळींत अदलाबदल करावी.

कधी तारखेऐवजी २२४७४ असा आकडा येतो. ही पानशेतचीच तारीख, एक्सेलच्या दिवस-मोजणीत. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवले की १२ जुलै १९६१ मिळते. ३० डिसेंबर का, तर एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतो, जे नव्हते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा आकडा थेट डेटटाइममध्ये कास्ट केला तर १४ जुलै येते, कारण त्याची मोजणी १ जानेवारी १९०० पासून शून्याने सुरू होते. दोन दिवसांचा हा फरक दिसला की कारण हेच. जुन्या मॅकवरच्या फाइलीत १९०४ ची मोजणी असू शकते. तिथे १४६२ दिवसांचा फरक पडतो.

सगळे बरोबर दिसत असूनही रूपांतर होत नसेल तर अदृश्य अक्षरे पाहावीत. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस येते आणि साधा ट्रिम ती काढत नाही. विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटच्या कॉलमला १३ क्रमांकाचे अक्षर चिकटते. मजकुराची लांबी मोजावी: दहाऐवजी अकरा आली की उत्तर मिळाले.

कुठून सुरुवात करावी

डेटाबेस कुठलाही असो, पहिली क्वेरी रूपांतराची नसावी, आकार मोजण्याची असावी. मजकुरातला प्रत्येक आकडा ९ ने बदलायचा, पोस्टग्रेस, ऑरॅकल आणि मायएसक्यूएल ८ मध्ये रेगएक्सपी_रिप्लेसने, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्सलेटने, आणि ग्रुप बाय करून मोजायचे. ९९/९९/९९९९ किती, ९-९-९९ किती, ९९९९९ किती, रिकामे किती, सगळे समोर येते. पन्नास हजार ओळींची फाइल असली तरी आकार सहसा डझनभरच निघतात. प्रत्येक आकाराला केसमध्ये त्याचा स्वतःचा फॉरमॅट द्यायचा, आणि न ओळखलेल्या आकाराला नल.

उत्तर नव्या डेट कॉलममध्ये ठेवावे, मूळ मजकूर कॉलम तसाच राहू द्यावा. वेअरची अट नव्या कॉलमवर लावली की इंडेक्सही वापरला जातो. मजकूर कॉलमला फंक्शन गुंडाळून शोधले तर दर वेळी सगळे टेबल वाचले जाते. मग दोन मोजण्या: मूळ मजकूर भरलेला पण नवी तारीख नल अशा ओळी किती, आणि अपेक्षित काळाबाहेर पडलेल्या ओळी किती. पहिल्या यादीतल्या ओळी अर्ज किंवा रजिस्टर समोर ठेवून हाताने भराव्यात. दुसरीत १९००-०१-०१, सन ६१ आणि २०४९ ही तिन्ही मंडळी आपोआप सापडतात.

नवीन इंपोर्टसाठी डेटाबेस निवडायची मोकळीक असेल तर ऑरॅकल १२.२ किंवा पुढचा, एफएक्ससह. पैशाचा प्रश्न असेल तर पोस्टग्रेस १६, वर सांगितलेल्या तपासणीसह. ऑफिसमध्ये आधीपासून एसक्यूएल सर्व्हर आहे म्हणून तो बदलायची गरज नाही, फक्त नलइफ आणि १०३ हे दोन्ही प्रत्येक क्वेरीत आहेत का ते आज पाहून घ्यावे. मायएसक्यूएलवर असाल तर सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड चालवून स्ट्रिक्ट मोड खरोखर चालू आहे याची आधी खात्री करा. तो बंद असलेल्या सर्व्हरवर खराब तारखेच्या जागी ००००-००-०० जाऊन बसते.